सगळ्यांना एकाच बाकावर बसवणारी खानावळ: ती चालू राहावी म्हणून गल्लीनं काय करायचं

कोल्हापूरच्या भाऊसिंगजी रोडवर शाहू महाराजांच्या काळात एक चहाचं हॉटेल निघालं. मालक गंगाराम कांबळे. हे महाराजांच्या पागेत नोकरीला होते. पाण्याच्या हौदाला हात लावला म्हणून त्यांना मारहाण झाली होती. महाराजांनी मारणाऱ्यांना शिक्षा केली आणि गंगारामांना स्वतःचा धंदा काढायला पाठबळ दिलं. हॉटेलचं नाव ‘सत्यसुधारक’. सगळं होतं, गिऱ्हाईक तेवढं नव्हतं. अस्पृश्याच्या हातचा चहा प्यायला कोण येणार?

महाराजांना हुकूम काढता आला असता. तो न काढता ते फेरफटक्याला निघाले की हॉटेलसमोर गाडी थांबवायचे, हाक मारून चहा मागवायचे, भर रस्त्यात प्यायचे आणि सोबतच्या मंडळींनाही पाजायचे. महाराजांच्या शेजारी बसायचं तर चहाला नाही म्हणता येईना.

एखादं हॉटेल जगवायचं असेल तर आजही याहून फार वेगळं काही करावं लागत नाही. जायचं, पैसे मोजून खायचं, चारचौघांदेखत खायचं, जाताना कुणाला तरी बरोबर न्यायचं आणि पुन्हा जायचं. घोडं अडतं ते शेवटच्या दोन शब्दांवर. कौतुक करायला सगळे असतात. मंगळवारी दुपारी अडीचला बाकावर कुणी नसतं.

मी मिरजेचा. आमच्याकडे स्टेशन आणि दवाखान्यांच्या मधल्या गल्लीत एक खानावळ आहे, सात बाकडी, एक मोरी, भिंतीला टेकवलेली हात धुवायची टाकी. चालवणाऱ्या बाईंना सगळे अक्का म्हणतात. तिथं रोग्याबरोबर आलेले कर्नाटकातले नातेवाईक जेवतात, हमाल जेवतात, सतारी बनवणारे कारागीर जेवतात, नर्सिंग शिकणाऱ्या मुली जेवतात. दोन वर्षांपूर्वी अक्का दुकान बंद करायच्या विचारात होत्या. आम्ही अकरा जणांनी काय काय केलं, त्यातलं काय जमलं आणि काय फसलं, ते सांगतो. तुमच्या गावाला लावून घ्या.

आधी चार वेळा जेवून या

“इथं सगळ्यांना येऊ देतात” हे ऐकून लगेच झेंडा घेऊ नका. वेगवेगळ्या वेळी चार वेळा जा आणि गुपचूप जेवा. सकाळी साडेदहाला हमाल येतात तेव्हा, दुपारच्या गर्दीत, संध्याकाळी आणि रात्री बंद व्हायच्या आधी.

बघायच्या गोष्टी साध्या आहेत. मळके कपडे घातलेला माणूस आत येतो की दाराशी उभा राहून पार्सल मागतो? एकटी बाई आली तर तिला नीट बसायला मिळतं की ‘फॅमिली’च्या कोपऱ्यात ढकलतात? पाण्याचे ग्लास सगळ्यांना सारखेच का? ज्याला मराठी येत नाही त्याला वाढपी हातवारे करून का होईना समजावतो, की वैतागतो? कुबडीवाला माणूस पायरी कशी चढतो? नव्या माणसाला आडनाव विचारतात का?

कायद्याचं म्हणाल तर यात मालकाची मेहरबानी काही नाही. राज्यघटनेच्या कलम १५(२) मध्ये दुकानं आणि सार्वजनिक उपाहारगृहं यांचा नावानिशी उल्लेख आहे: धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यांवरून कुणाही नागरिकाला तिथं अटकाव करता येत नाही. अस्पृश्यतेबद्दल शिक्षा सांगणारा कायदा १९५५ सालचा. पण कायदा अटकाव थांबवतो, “बसा की” म्हणायला लावत नाही. आपण जगवायला निघालोय ते “बसा की”.

एक गल्लत टाळा. खानावळ शाकाहारी असणं आणि माणूस नाकारणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अक्कांकडे मटण मिळत नाही. कुणी खाऊन आलंय का, हे त्या विचारत नाहीत.

चारच्या सुमाराला बोला, आणि कमी बोला

मालकाशी बोलायची वेळ दुपारी चारची. भांडी घासून झालेली असतात, संध्याकाळची भाजी निवडायला घेतलेली असते. आम्ही पहिल्यांदा गेलो ते एक वाजता, उत्साहात, आणि वर चौघांनी चार खुर्च्या अडवल्या. अक्का काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या खेपेला चारला गेलो तर मेथीची जुडी पुढ्यात सरकवली आणि म्हणाल्या, “मदत करायची म्हणता न्हवं? मग साडेबाराला येत जाऊ नका. दोननंतर या.”

सगळ्या लेखातलं उपयोगाचं वाक्य हेच. साडेबारा ते दीड बाकडी तशीही भरलेलीच असतात. तेव्हा तुम्ही जाता म्हणजे एखाद्या रोग्याच्या नातेवाइकाला उभं ठेवता. भात आणि आमटी उरते ती दोननंतर.

जाताना योजना घेऊन जाऊ नका, प्रश्न घेऊन जा. महिन्यात कुठला आठवडा जड जातो? काय फुकट जातं? कुणाचं देणं डोक्यावर आहे? जागा कुणाची, करार किती दिवसांचा? काही उत्तरं मिळणार नाहीत. खानावळवाली बाई गल्ल्याचा खरा आकडा अकरा अनोळखी माणसांना का सांगेल? आम्ही शेवटी एकीलाच बोलायला नेमलं, जी त्या गल्लीत वाढली आणि जिला अक्का लहानपणापासून ओळखतात. बाकीच्यांनी जेवायचं काम करायचं.

ऐंशी ताटांचा हिशेब

आता पाटी-पेन्सिल घ्या. खालचे आकडे उदाहरणादाखल धरलेत. तुमच्या खानावळीचे वेगळे असतील, पण मांडणी हीच राहील.

ताट १०० रुपयांचं. त्यात किराणा, भाजी, दूध, गॅस मिळून ५० रुपये जातात. म्हणजे प्रत्येक ताटामागे ५० सुटतात. दुसरीकडे भाडं, लाइट, आचारी, वाढपी, भांडीवाली हा खर्च ताटं किती गेली त्यावर अवलंबून नाही. तो रोजचा ४,००० धरू. ४,००० भागिले ५०, म्हणजे ८० ताटं. ऐंशीवं ताट जाईपर्यंत अक्का दुसऱ्यांसाठी राबतात. एक्याऐंशीव्यापासून स्वतःसाठी.

दिवसाला ७० ताटं गेली तर ५०० रुपये तोटा, ९० गेली तर ५०० फायदा. मधला फरक वीस माणसांचा. वीस माणसं म्हणजे एक मोठी बिल्डिंग किंवा एक शाळेचा स्टाफ. चळवळ बिळवळ लागत नाही.

हाच हिशेब घासाघिशीला लावा. तुम्ही दहा रुपये कमी करून घेतलेत तर ताटामागे ४० सुटतात आणि ऐंशीच्या जागी १०० ताटं जावी लागतात. “आम्ही नेहमीचे, आम्हाला कमी लावा” म्हणणारा नेहमीचा माणूस दुकानाला नव्या माणसापेक्षा महाग पडतो.

मेंबर व्हा, आणि खाड्याचं आधी ठरवा

खानावळीला आधार द्यायची रीत महाराष्ट्रात नव्यानं शोधायला नको. महिन्याचे पैसे आगाऊ भरून जेवणारा ‘मेंबर’ ही तीच रीत. गिरणगावातल्या खानावळी गिरणी कामगारांच्या महिनेवारीवर चालल्या, पुण्यातल्या मेस विद्यार्थ्यांवर. मेंबराचं ताट नक्की असतं, म्हणून तांदूळ किती टाकायचा हे सकाळीच कळतं, म्हणून कमी फुकट जातं. मेंबराला चार रुपये कमी लावायला मालकाला परवडतं ते यामुळं.

पण रोज दोन्ही वेळा बाहेर जेवणारे आता थोडे. आपल्या घरी चूल पेटते. म्हणून आम्ही पूर्ण महिन्याऐवजी कुपनाचं पुस्तक काढलं: ३० कुपनं, तीन महिन्यांत संपवायची. आठवड्याला दोन-तीन जेवणं, एवढंच.

इथं पैशाचा एक सापळा आहे. समजा २५ जणांनी प्रत्येकी ३० कुपनं ९० रुपयांच्या भावानं घेतली. एका दिवसात ६७,५०० रुपये गल्ल्यात आले. बरं वाटतं. पण ही कमाई नाही, हे ७५० ताटांचं देणं आहे. हे पैसे जुन्या उधारीत गेले की पुढचे तीन महिने रोज ताटं वाढायची आणि गल्ला रिकामा. आमच्याकडे पहिल्या खेपेला असंच झालं, आणि चूक आमची होती, अक्कांची नाही. आम्हीच उत्साहानं सगळी रक्कम एका दमात आणून ठेवली. दुसऱ्या वेळी निम्मी रक्कम सुरुवातीला दिली. उरलेली एका निवृत्त पोस्टमास्तरांकडे ठेवली आणि दर शनिवारी फाडलेली कुपनं मोजून तेवढे पैसे पोहोचते केले. वही एक, सही दोघांची.

खाडा, म्हणजे पैसे भरून न जेवलेली वेळ, यावर खानावळीत जेवढी भांडणं होतात तेवढी मिठावर होत नाहीत. कागदावर लिहून भिंतीला चिकटवा. आमचे नियम असे: आदल्या रात्री कळवलं तर खाडा धरायचा, सकाळी कळवलं तर नाही. पाहुणा आणला तर दुसरं कुपन. रविवारी दुपारी फीस्ट, तिला दीड कुपन, आणि रविवारी संध्याकाळी बंद. ही सुट्टी मोडायला लावू नका. अक्कांना आठवड्यात तेवढीच एक संध्याकाळ मिळते.

रिकामे तास कुणाचे, ते शोधा

हे काम करताना माझ्या लक्षात आलेली गोष्ट सांगतो. सगळ्यांना सामावून घेणं हा चांगुलपणा आहेच, पण तो धंद्याच्याही सोयीचा आहे, कारण सगळ्यांना एकाच वेळी भूक लागत नाही.

हमाल आणि भाजी मार्केटवाले साडेदहाला जेवतात. दवाखान्यातले नातेवाईक डॉक्टरांची फेरी संपली की, म्हणजे कधीही. आमच्या भागात जैन वस्ती मोठी. त्यांतले कितीतरी जण सूर्यास्ताआधी जेवून घेतात, म्हणजे संध्याकाळी साडेपाच-सहा, जेव्हा इतर कुणी खानावळीकडे फिरकत नाही. रमजानमध्ये सूर्यास्तानंतर रोजा सोडायला काही जण येतात. विद्यार्थी नऊला. ज्या खानावळीत एकाच तऱ्हेची माणसं येतात तिथली बाकडी दोन तास वाहतात आणि दहा तास रिकामी राहतात.

तेव्हा एक वेळापत्रक मांडा आणि रिकाम्या जागेत कोण बसेल ते शोधा. कांदा-लसूण न घातलेली एक भाजी साडेपाचला तयार ठेवाल का, एवढंच आम्ही अक्कांना विचारलं. त्यांनी स्वतंत्र पातेलं आणि स्वतंत्र पळी केली, आणि गल्लीतल्या दोन म्हाताऱ्या जोडप्यांपासून सुरुवात झाली. शब्द पाळणं इथं महत्त्वाचं. पळी एकदा चुकून दुसऱ्या पातेल्यात गेली की ती माणसं परत येत नाहीत, आणि त्यांचं बरोबर असतं.

दुपारी चार ते साडेपाच या वेळेत भिशी भरवा. बायकांची भिशी असो की रिटायर्ड लोकांची, एरवी कुणाच्या तरी घरी पोह्यांचा घाट घातला जातोच. माणशी किमान अमुक रुपयांचं खायचं हे आधी ठरवून घ्या. दोन चहांवर दोन तास गप्पा मारणारा गट म्हणजे मदत नव्हे, ते भाडं न देणारं भाडेकरू.

पार्सल आणि डबे

मोबाइलच्या अॅपवरून मागवलं की ऑर्डरच्या किमतीतला बराच हिस्सा कमिशनमध्ये जातो; पाव हिस्सा गेला तर छोट्या दुकानदाराला त्याचं नवल वाटत नाही. आपला हिशेब लावून पाहा: १०० च्या ताटात ५० सुटत होते, त्यातले २५ गेले, वर डबा-पिशवीचे पाच-सात. ऐंशी ताटांच्या जागी दोनशेच्या वर जावी लागतील.

म्हणून फोन करा आणि चालत जा. स्वतःचा स्टीलचा डबा न्या. पैसे यूपीआयनं दिले तरी चालतात, पण आमच्या अक्का रोख पसंत करतात, कारण सकाळी भाजीवाला रोख मागतो. कुणाला काय सोयीचं ते विचारा.

आसपास एकटी राहणारी म्हातारी माणसं असतातच. त्यांचे डबे पोहोचवायला आम्ही सायकलवाली दोन कॉलेजची पोरं धरली, डब्यामागे ठरलेले पैसे. फुकट करवून घेतलं असतं तर पंधरा दिवसांत परीक्षा निघाली असती.

जादा ताट: देणारा दिसू नये, घेणारा तर नाहीच

सगळ्यांना दार उघडं म्हणजे ज्याच्या खिशात पैसे नाहीत त्यालाही. दवाखान्याजवळ अशी माणसं रोज दिसतात. शिवमोग्याहून आलेला बाप, मुलाच्या औषधांत पैसे संपलेले, चहा-बिस्किटावर तिसरा दिवस. अक्का अशांना फुकट वाढायच्या, आणि ऐंशीवं ताट आणखी लांब जायचं.

आम्ही ठरवलं की जादा ताटाचे पैसे आपण भरायचे. इटलीत नेपल्सला एक जुनी रीत आहे: आपल्या कॉफीबरोबर आणखी एका कॉफीचे पैसे देऊन जायचे, मागून येणाऱ्या कुणासाठी. कल्पना चांगली. आम्ही काय केलं, तर दारात मोठा फळा लावला: ‘गरजूंसाठी मोफत जेवण, आजची शिल्लक ताटं १२.’

आठ दिवस बारा ताटं शिल्लक राहिली. रोज बारा. फळ्यावरचा आकडा पुसायची वेळसुद्धा आली नाही. नवव्या दिवशी स्टेशनवरचे एक हमाल काका जेवून हात धूत असताना म्हणाले, “ह्या पाटीखालनं आत आलं की सगळे ताटाकडं न बघता तोंडाकडं बघत्यात. मी पैसे देऊन जेवतो तरी बघत्यात.”

फळा त्याच संध्याकाळी उतरवला. नंतर बसवलेली पद्धत अजून चालू आहे, ती अशी:

जादा ताटाचं कुपन हुबेहूब मेंबराच्या कुपनासारखं. रंग तोच, शिक्का तोच. आतल्या माणसालाही ओळखता येऊ नये.

कुपनं खानावळीत वाटायची नाहीत. ज्यांना कुणाची अडचण आपोआप कळते त्यांच्याकडे पाच-पाच ठेवायची: वॉर्डातली मावशी, आशाताई, औषधाच्या दुकानातला मुलगा, वाचनालयाचा शिपाई. कुणाला द्यायची हा त्यांचा प्रश्न. कागदपत्रं नाहीत, फोटो नाहीत, नावाची नोंद नाही. वहीत फक्त आकडा: किती दिली, किती आली.

ताट तेच, तितकंच, त्याच बाकावर. उरलेलं वाढायचं नाही.

आणि खानावळीला त्या कुपनाचे पूर्ण पैसे मिळायला हवेत. पुण्याचं काम आहे म्हणून अक्कांना निम्म्या भावात वाढायला सांगणं म्हणजे त्यांच्या खिशातून आपण दानधर्म करणं.

याच्याही पलीकडची एक वाट पुण्यात हमाल पंचायतीनं दाखवली. डॉ. बाबा आढाव यांच्या पुढाकारानं १९७४ साली सुरू झालेली ‘कष्टाची भाकर’ केंद्रं ना नफा ना तोटा चालतात. तिथं गरिबाला फुकट नसतं, सगळ्यांनाच स्वस्त असतं. झुणका-भाकरीचे पैसे हमालही देतो आणि शेजारी बसलेला कारकूनही. ताठ मानेनं जेवायला याहून चांगली सोय मला माहीत नाही. पण त्यासाठी मागं संघटना लागते; एका बाईच्या सात बाकड्यांवर तेवढा भार टाकता येत नाही.

एकरकमी पैसे लागले तर

मिक्सर जळतो, छप्पर गळतं, घरमालक डिपॉझिट वाढवून मागतो. अशा वेळी वर्गणी काढायचा मोह होतो. लहान गोष्टीला ठीक आहे. मोठ्याला कर्जच बरं, कारण वर्गणीनंतर प्रत्येक देणारा स्वतःला मालक समजायला लागतो. आमच्यातल्या एकानं पाचशे रुपये दिले आणि आमटीत गूळ किती घालावा यावर बोलायचा हक्क मिळवला.

गिरणगावात खानावळ चालवणाऱ्या बायका किराणा दुकानदाराच्या आणि सावकाराच्या व्याजात बुडाल्या होत्या. प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं, या बायकांचे गट केले आणि त्यांना राष्ट्रीयीकृत बँकेचं कर्ज मिळवून दिलं. तारण ठेवायला काही नाही अशा बाईला बँक दारात उभी करत नव्हती; गटाच्या मागं उभं राहण्यानं दार उघडलं.

आज मुद्रा योजनेत तारणाशिवाय कर्ज मिळतं: ‘शिशु’ ५०,००० रुपयांपर्यंत, त्यावर ‘किशोर’ ५ लाखांपर्यंत. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या धंद्याची सरकारदरबारी नोंद, ऑनलाइन आणि विनाशुल्क आहे; तिच्यासाठी पैसे मागणारा एजंट दिसला की उठून या. आपलं काम एवढंच की बँकेत जाताना सोबत जायचं, फॉर्म भरून द्यायचा आणि मागच्या सहा महिन्यांचा गल्ला वहीत उतरवून द्यायचा. हे शेवटचं काम सगळ्यांत कंटाळवाणं आणि सगळ्यांत उपयोगाचं. आमच्या पोस्टमास्तरांनी तीन शनिवार त्यात घालवले. साहेबानं ती वहीच आधी उघडली.

मित्रामित्रांत उसने देणार असाल तर रक्कम, हप्ता आणि तारीख कागदावर असू द्या. भागीदारी मागू नका.

कुणी बोट ठेवलं तर

जिथं सगळे येतात तिथं कुणाला तरी कोण येतं याचा त्रास होतोच. कधी वरच्या मजल्यावरून तक्रार येते की ‘कसलीही माणसं’ जिन्याजवळ उभी राहतात. कधी गावात कुजबुज सुटते.

पहिलं काम, कागद घट्ट करा. अन्नसुरक्षेच्या नोंदणीचा १४ आकडी नंबर असलेला कागद भिंतीवर दिसेल असा लावा. महापालिकेचे परवाने, जागेचा करार, लाइटचं बिल एका फायलीत. स्वयंपाकाला व्यावसायिक सिलिंडर हवा, १९ किलोचा, घरगुती १४.२ किलोचा लाल सिलिंडर खानावळीत वापरणं बेकायदा आहे, आणि तक्रारखोराची नजर नेमकी तिथं जाते. अक्कांकडेही एक लाल होता. आम्ही तो आधी हलवला, मग भांडायला उभे राहिलो.

दुसरं, तक्रारीत खरं किती ते बघा. आमच्या जिन्याजवळ खरंच गर्दी व्हायची. बाहेर एक लांब बाक आणि पाण्याचा माठ ठेवल्यावर निम्मी तक्रार मिटली. उरलेली निम्मी माणसांबद्दल होती. तिला उत्तर द्यायचं कारण नव्हतं.

कुजबुजीला सोशल मीडियावर उत्तर देऊ नका. शाहू महाराजांचीच युक्ती वापरा: सहकुटुंब जेवायला जा, दारातल्या बाकावर बसा, येणाऱ्याजाणाऱ्याला हाक मारा. आम्ही सलग दोन आठवडे रोज संध्याकाळी दोन कुटुंबं पाठवली. ज्यांच्या घरी पूजेला लोक बोलावतात असे एक गुरुजी आमच्या ओळखीचे. ते येऊन पिठलं-भाकरी खाऊन गेले आणि त्या गल्लीपुरता विषय संपला.

अर्जविनंतीचाही उपयोग होतो, पण सही करणारा रोजचा गिऱ्हाईक असावा. कोलकात्याच्या कॉलेज स्ट्रीटवरचं कॉफी हाउस १९५८ साली बंद करायचं ठरलं, तेव्हा प्रेसिडेन्सी कॉलेज आणि विद्यापीठातल्या प्राध्यापकांनी सरकारकडे अर्ज केला आणि ते पुन्हा उघडलं. ते प्राध्यापक तिथं रोज बसणारे होते.

थोडं, काय करू नये याबद्दल

उधारी मागू नका. खारट झालं तर गल्ल्यापाशी हळूच सांगा, मोबाइलवर तारे मोजू नका. चांगलं लिहायचं असेल तर मराठीत लिहा आणि कामाचं लिहा: काय मिळतं, किती वाजेपर्यंत, पायरी किती उंच, कन्नड समजतं का. ‘अप्रतिम चव’ वाचून कुणी चप्पल घालत नाही. व्हिडिओ काढायचाच तर ताटाचा काढा, जेवणाऱ्यांचा नको. आमच्या एका पुतण्याच्या व्हिडिओनं एका शनिवारी दीडशे माणसं आली, भाकरी संपली, हमाल उपाशी परतले आणि पुढच्या शनिवारी त्या दीडशेतलं कुणीही आलं नाही.

बंद करायचं ठरलंच तर

मुंबईत ग्रँट रोडचं बी. मेरवान हे जुनं इराणी हॉटेल बंद होणार अशी बातमी २०१४ साली आली आणि मावा केकसाठी रांगा लागल्या. ते पुढे पुन्हा उघडलं, पण सगळ्यांच्या नशिबी तसं नसतं. शेवटच्या आठवड्यात हळहळायला येणारे गेली दहा वर्षं कुठं होते, हा प्रश्न मालकाच्या मनात येतोच. तो विचारत नाही इतकंच.

अक्कांची खानावळ आज चालू आहे. पण त्यांचे गुडघे दुखतात आणि मुलगी बंगळुरूला आहे. उद्या त्या थांबल्या तर त्यांना भावनेत अडकवायचं नाही, हे आम्ही आधीच ठरवून ठेवलंय. भाचा चालवणार असेल तर दोन महिने तो गल्ल्यावर आणि अक्का खुर्चीत, म्हणजे कुणाला किती तिखट लागतं ते त्याला कळेल. कुणीच नसेल तर महिनाभर आधी सांगायचं, नवी कुपनं विकणं थांबवायचं, पोस्टमास्तरांकडची शिल्लक वहीप्रमाणे परत करायची. आणि गल्लीत कुणाकुणाच्या फडताळात अक्कांचे स्टीलचे डबे अडकलेत ते गोळा करायचे. मागच्या मोजणीत एकवीस निघाले, त्यातले तीन माझ्याच घरी.